लोहगावचं लिबरेटर: किट, लांबी (पुट्टी), रंग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या शोकेसमध्ये बी-२४ लिबरेटरचं एक मॉडेल आहे. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकी बॉम्बर, शेपटीवर मात्र भारतीय हवाई दलाच्या खुणा. बघणारा आधी विचारतो, "हे आपलं होतं?" हळूहळू गाडी किट, रंग, थिनर यांवर येते. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी हौशी माणूस आहे, त्यामुळे चुकांचा अनुभव भरपूर.

इतकी देखणी बॉम्बर विमानं असताना लिबरेटरच का?

देखणेपणाचं म्हणाल तर लिबरेटर मार खातं. बी-१७ किंवा लँकेस्टरच्या शेजारी ठेवलं तर मालगाडीच्या डब्याला पंख लावल्यासारखं दिसतं. पण हे विमान आपल्याकडे कसं आलं, ती गोष्टच अशी आहे की मला दुसरं काही बांधावंसं वाटलं नाही.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची कितीतरी लिबरेटर कानपूरला उभी होती. ती अमेरिकेकडून लेंड-लीज या युद्धकाळातल्या उसनवारीच्या करारावर आलेली, म्हणून परस्पर दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती. जाताना ती मुद्दाम निकामी करून ठेवली: कुठे घाव घातले, कुठे इंजिनांत वाळू ओतली. पुढे भारताला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं केलं, कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं उभी राहिली. १९४८ च्या अखेरीस ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ती मिळाली. १९५१ पासून ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती पुण्याहून, लोहगावहून, समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. १९६८ संपेपर्यंत ती सेवेत होती. जगात इतरत्र लिबरेटर केव्हाच भंगारात गेलेली.

येरवड्यात वाढलेले माझे मामा चार इंजिनांच्या त्या घरघरीची नक्कल अजून करतात. मॉडेल बघून त्यांनी पहिली तक्रार केली ती ही, की याला आवाज नाही.

कुठलं स्केल घेऊ?

आधी घरात टेप घेऊन फिरा. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणजे साडेतेहेतीस मीटर. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ते साधारण ४६.५ सेंटिमीटर होतं, १/४८ मध्ये जवळजवळ ७० आणि १/३२ मध्ये एक मीटरच्याही वर. १/३२ चं लिबरेटर बांधणाऱ्याने घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी १/७२ योग्य. जागा फारच कमी असेल तर १/१४४ मध्ये ते वीतभर, २३ सेंटिमीटरचं होतं. पण त्यात खिडक्या मास्क करताना, म्हणजे रंग लागू नये म्हणून टेपने झाकताना, डोळ्यांतून पाणी येतं.

कुठल्या कंपनीचं किट?

१/७२ मध्ये मी अकॅडमीचं बांधलं, कारण ते हाताशी आलं. हासेगावाचं किट जास्त रेखीव आहे आणि महागही. १/४८ मध्ये मोनोग्रामचा जुना साचा आहे, तोच पुढे रेव्हेलच्या खोक्यातूनही आला. त्याचा आकार सुरेख आहे, पण पत्र्याच्या जोडरेषा कोरलेल्या नसून उठावाच्या आहेत. सांधा घासायला गेलात की आजूबाजूच्या रेषाही पुसल्या जातात. रंगीत विमानावर हे खपून जातं. चंदेरी विमानावर ती रिकामी जागा लगेच डोळ्यात भरते, म्हणजे मग सगळ्या रेषा सुईने पुन्हा कोरणं आलं. १/३२ हॉबी बॉसचं आहे.

कंपनीपेक्षा उपप्रकार महत्त्वाचा. नाकावर टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) असलेलं 'जे' घ्या. 'डी'चं नाक सगळं काचेचं असतं. आपल्याकडची विमानं मुख्यतः 'जे' आणि 'एल' होती. खोक्यावरचं चित्र बघून भुलू नका, बाजूला छापलेलं अक्षर वाचा.

खोकं उघडल्यावर पहिलं काम कोणतं?

खोकं बंद करणं. आधी फोटो.

मी हे गमतीने म्हणत नाही. "एक लिबरेटर" असं काही बांधता येत नाही. अमुक क्रमांकाचं, अमुक साली, अमुक ठिकाणी उभं असलेलं विमान बांधता येतं. आपली विमानं तर भंगारातून उठलेली. कुठल्यावर कुठला टरेट ठेवला, कुठला काढून पत्र्याने झाकला, पोटाखाली गोल टरेट आहे की त्या जागी टेहळणीचं रडार आलंय, पंखांच्या पुढच्या कडेला बर्फ तोडणारी काळी रबरी पट्टी आहे की काढून टाकली आहे, हे फोटोतच कळतं. भारतीय लिबरेटरचे क्रमांक 'एचई' या अक्षरांनी सुरू होतात. एक क्रमांक धरा आणि त्या विमानाचा एक तरी स्पष्ट फोटो मिळेपर्यंत डिंकाला हात लावू नका. फोटो एकाच बाजूचा असेल तरी चालेल. दुसरी बाजू मग भिंतीकडे ठेवायची.

शक्य असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जाऊन एचई-९२४ बघा. इंग्लंडमध्ये असाल तर तिथल्या हवाई दल संग्रहालयातलं केएन-७५१ बघा. ते १९७४ मध्ये भारतानेच भेट दिलेलं एचई-८०७ आहे. इतरही काही देशांतली आज शाबूत असलेली लिबरेटर आपल्याकडूनच गेली, म्हणजे कानपूरच्या उकिरड्याने जगाची संग्रहालयं भरली. मात्र संग्रहालयातलं विमान आकार आणि तपशिलासाठी बघावं, रंगासाठी नाही. त्यावर नंतर किती हात फिरलेत, सांगता येत नाही.

हत्यारं काय लागतात?

स्प्रूमधून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) भाग तोडायला बारीक साइड कटर, एक चांगली सुरी आणि तिची जादा पाती, चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर (गॅरेजवाल्यांकडचे उत्तम), मास्किंग टेप, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पातळ प्लास्टिक सिमेंट. फेविक्विकने सबंध मॉडेल जोडू नका. ते दोन भाग चिकटवतं. सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन भागांचा एक करतं. बाकी यादी दुकानदार सांगेल, त्यातलं निम्मं घेऊ नका.

आतला भाग रंगवायचा का? कुणाला दिसणार आहे?

कॉकपिट रंगवा, कमरेच्या खिडक्यांजवळचा भाग रंगवा, बाकी सोडा. धड एकदा बंद झालं की बॅटरी मारूनसुद्धा काही दिसत नाही.

अपवाद बॉम्ब ठेवायच्या कप्प्याचा. लिबरेटरची ती दारं खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी धडाच्या बाजूने वर गुंडाळली जातात. हे दाखवायला फार छान वाटतं. दारं उघडी ठेवणार असाल तर आतली अरुंद फळी, रॅक, सगळं रंगवावं लागेल. मी बंद ठेवली. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानाची बंदच शोभतात, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण कंटाळा.

नाकात वजन भरायचं म्हणतात, किती आणि कुठे?

या विमानाचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लिबरेटरला पुढे नाकाखाली एक चाक आणि मागे पंखांखाली दोन. धड लांब, शेपटी भली मोठी, वर दोन उभी सुकाणं. पुढे पुरेसं वजन नसेल तर मॉडेल पार्श्वभागावर बसतं आणि नाक वर करून छताकडे बघत राहतं.

माझं पहिलं असंच बसलं. सूचनापत्रात होतं तेवढं वजन मी भरलं होतं, वर थोडं जास्तच. रंग झाला, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) झाले, चाकं लावली, टेबलावर ठेवलं. क्षणभर उभं राहिलं आणि सावकाश, अगदी सावकाश मागे कललं. मुलगी म्हणाली, "बाबा, ते दमलंय." शेवटी शेपटीखाली पारदर्शक प्लास्टिकची काडी लावली. ती काडी आजही आहे आणि प्रत्येक पाहुण्याला तीच आधी दिसते.

म्हणून आकडा विचारू नका, मोजून बघा. धडाचे दोन्ही भाग, पंख, शेपटी, इंजिनं, सगळं टेपने तात्पुरतं बांधा. मागची चाकं जिथे येणार तिथे दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचला. आता नाकाकडे छोट्या पिशवीत छर्रे टाकत जा. नाक खाली गेलं की थांबू नका, आणखी एक-तृतीयांश घाला. रंग, डेकल आणि सांध्यांत भरलेली लांबी (पुट्टी) यांचं वजन बहुधा मागेच वाढतं.

जागेची अडचण ही की नाक बरंचसं काचेचं, तिथे शिसं दिसेल. वैमानिकांच्या जमिनीखाली, पुढच्या चाकाच्या खळग्याच्या दोन्ही कडांना आणि खळग्याच्या वर जागा सापडते. वजन जितकं पुढे तितकं ते कमी लागतं, त्यामुळे कॉकपिटच्या मागच्या भिंतीला चिकटवलेल्या शिशाचा फारसा उपयोग नाही. एक जागा लोक विसरतात: इंजिनांची खोळ. चारही इंजिनं मागच्या चाकांच्या बरीच पुढे आहेत. प्रत्येकात थोडं थोडं शिसं बसतं.

शिसं मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, गळाला लावायचं. ते फेविकॉलने कधीही चिकटवू नका. पांढऱ्या डिंकात शिशावर हळूहळू पांढरी पूड धरते, ती फुगते आणि काही वर्षांनी धडाचा सांधा आतून उकलते. एम-सील किंवा दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा आणि घरात लहान मूल असेल तर त्याऐवजी लोखंडी छर्रे घ्या.

पंख सरळ बसत नाहीत, एक टोक खाली जातं.

लिबरेटरचा पंख लांब, अरुंद आणि खांद्यापाशी, वर जोडलेला. त्याचा तो निमुळता आकार डेव्हिस नावाच्या अभियंत्याने काढला. त्यामुळेच हे विमान इतकं दूर जायचं. १९४४ च्या ऑक्टोबरात बंगालमधून उडून मलायातल्या पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून परत आलेली लिबरेटर तीन हजार मैलांच्या वर उडाली होती. पण मॉडेलमध्ये हाच लांब पंख डोकेदुखी. सगळं वजन मुळाशी, सांधा केवढासा.

सायकलचा एक जुना स्पोक घ्या. धडाला आरपार भोक पाडून तो दोन्ही पंखांच्या आत दोन-तीन इंच जाईल असा बसवा. सिमेंट ओलं असतानाच विमान सपाट फरशीवर ठेवा आणि दोन्ही टोकांपासून फरशीपर्यंतची उंची पट्टीने मोजा. समान होईपर्यंत खालून पुस्तकं सरकवा. नुसत्या नजरेच्या अंदाजाने बसवलं की दुसऱ्या दिवशी फसगत कळते. रात्रभर हात लावायचा नाही.

सांध्यांना लांबी कुठली भरू?

फटीच्या आकारावर आहे. केसाएवढी असेल तर सिमेंट लावून दोन्ही कडा दाबा, विरघळलेलं प्लास्टिक वर येतं, वाळलं की घासा. त्याहून मोठी असेल तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी. ती वाळताना आकसते, म्हणून दोन थरांत भरा आणि मधे एक दिवस जाऊ द्या. घाईत भरलेली लांबी रंगाच्या तिसऱ्या थरानंतर खड्डा दाखवते, आणि चंदेरी रंगाखाली तो खड्डा आरशासारखा चमकतो.

सांधा खरंच गेला का, हे बोट फिरवून कळत नाही. त्यावरून राखाडी प्रायमरचा एक पातळ हात मारा. प्रायमर चुगली करतो.

काचांवर पांढरं धुकं आलं. आता?

फेविक्विकची वाफ. पॉलिश करून थोडंफार जातं. पुन्हा होऊ नये म्हणून काचांना फेविकॉल वापरा. ते वाळल्यावर पारदर्शक होतं आणि चुकलं तर पाण्याने पुसता येतं. (हो, वर शिशाला नको म्हटलं तेच फेविकॉल. काचेला चालतं.)

लिबरेटरला काचा भरपूर आहेत: नाकाच्या खालच्या खिडक्या, कॉकपिट, वरचा टरेट, शेपटीचा टरेट. कापून तयार मिळणारे मास्क विकत घ्या, मी सांगतो म्हणून घ्या. हौसेत पैसे वाचवायच्या जागा वेगळ्या असतात.

एअरब्रशशिवाय (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) जमेल का?

छद्मावरणाच्या हिरव्या-तपकिरी विमानाला ब्रश चालतो. रंग दुधाइतका पातळ करा, तीन-चार हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. चंदेरी विमानाला ब्रश चालत नाही. ब्रशच्या रेघा धातूच्या रंगात कायमच्या राहतात. मग निदान स्प्रे कॅन वापरा, कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करून. उकळत्या पाण्यात नाही, आणि गॅसजवळ तर अजिबात नाही.

चंदेरी रंग खराखुरा पत्रा वाटेल असा कसा काढायचा?

इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ एकच सांगतात: खाली चकचकीत काळा, वर धातूचा लॅकर, झालं आरशासारखं विमान. ते नव्या कोऱ्या विमानाला ठीक. आपलं लिबरेटर पन्नाशीच्या दशकातलं, तोवर बरंच वय झालेलं, कानपूरला उघड्यावर पडून राहिलेलं आणि मग वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यावर उडालेलं. ते सणाला घासून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यासारखं दिसायला नको. रोजच्या वापरातलं जर्मनचं पातेलं डोळ्यासमोर आणा. पांढुरका, थकलेला, मधेच एखादा तुकडा उजळ.

मी असं केलं. सगळं विमान २००० च्या वॉटर पेपरने ओलं घासलं. त्यावर गडद राखाडी, चकचकीत. काळा नाही. तो दोन दिवस वाळू दिला. मग कमी दाबावर, १२ ते १५ पीएसआय, धातूच्या रंगाचे धुक्यासारखे पातळ हात. इथे घाई नडते. पहिला हात बघून वाटतं काहीच झालं नाही. तिसऱ्याला एकदम पत्रा उमटतो आणि तिथेच थांबायचं.

त्यानंतर मजा. काही पत्रे मास्क करून त्यांवर किंचित गडद, काहींवर किंचित फिकट छटा. टेप लावण्याआधी हाताच्या मागच्या बाजूला दोनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा मरतो. नाहीतर टेपबरोबर पत्राही निघून येतो.

आणि हे मुळीच विसरू नका: सुकाणं, एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलणारे भाग) पत्र्याचे नव्हते. त्यांवर कापड ताणलेलं असायचं आणि त्याला चंदेरी डोप (कापड ताठ करणारं रोगण) मारलेला. म्हणून त्यांना धातूचा रंग न देता साधा, मॅट, राखाडीकडे झुकणारा चंदेरी द्या. शेजारच्या पत्र्यापेक्षा ते वेगळे दिसले की जाणकार माणूस खाली वाकून बघतो. वैमानिकांच्या काचेसमोरची पट्टी मॅट गडद, ऊन डोळ्यांवर परतू नये म्हणून.

पावसाळ्यात रंगवू का?

लॅकर नको. हवेतलं पाणी रंगावर बसतं आणि चकचकीत भाग पांढुरका पडतो. जुलैत मी जोडकाम करतो, लांबी घासतो, फोटो शोधतो. रंग दसऱ्यानंतर. फारच घाई असेल तर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग वापरा आणि कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी बाटली लावा. नाहीतर पंखावर मधेच एक थेंब थुंकल्यासारखा पडतो.

गोल खूण कुठली? अशोकचक्र की तिरंगी?

साल सांगा, मग खूण सांगतो. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीच्या काळात विमानांवर निळं चक्र होतं. १९५० च्या प्रजासत्ताक दिनापासून तिरंगी वर्तुळं आली: बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. म्हणजे ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं अगदी सुरुवातीचं लिबरेटर केलंत तर चक्र, लोहगावच्या ६ क्रमांकाचं केलंत तर तिरंगी. एकाच विमानावर दोन्ही लावलेलं मॉडेल मी बघितलं आहे. बांधणाऱ्याला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो.

किटच्या खोक्यात या खुणा सहसा नसतात. छोट्या विक्रेत्यांकडून डेकल मिळाले तर उत्तम. घरच्या इंकजेटवर डेकल कागद छापता येतो, पण त्यात एक मेख आहे: प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलेलं केशरी चंदेरी पत्र्यावर चिखलासारखं दिसतं. म्हणून मी वर्तुळं रंगवलीच. वर्तुळ कापायच्या कंपासने टेपचे मास्क कापले, आधी सबंध वर्तुळ पांढरं केलं, मग बाहेरची कड केशरी, शेवटी मधला हिरवा ठिपका. पांढरा पाया असल्यामुळे केशरी टवटवीत राहिलं. पंखाच्या वर दोन, खाली दोन, धडावर दोन, म्हणजे सहा वेळा हाच उद्योग. चौथ्या वेळी हात बसतो आणि पहिली तीन पुन्हा करावीशी वाटतात.

'एचई'चा क्रमांक काळ्या अक्षरांच्या तयार डेकलमधून एकेक अक्षर कापून लावला.

भारतीय खुणा नकोत, युद्धकाळातलंच हवं असेल तर?

मग बंगालमधल्या तळांवरची ब्रिटिश लिबरेटर करा. सालबनी, दिग्री, ढुबालिया इथून ती ब्रह्मदेशावर आणि सयामवर जायची. त्यांच्या गोल खुणेत लाल नसतं, निळ्याच्या दोन छटा असतात. कारण सरळ आहे: जपानी विमानांची खूण लाल गोळा, आणि घाईत आपल्याच माणसावर गोळी सुटायची. शेपटीवर स्क्वाड्रनप्रमाणे पट्टे, चकत्या अशा मोठ्या खुणा असत. दिसायला ही विमानं आपल्या चंदेरीपेक्षा जास्त रंगतदार. मन दोन्हीकडे ओढलं जातं ते इथेच.

डेकलखाली चमकणारी हवा दिसते.

खाली मॅट रंग आहे. डेकल चकचकीत पृष्ठभागावरच लावावा, म्हणून आधी ग्लॉस वार्निश. लावल्यावर मऊ करणारं द्रावण. तो सुरकुतला तर हात लावू नका, आपोआप सपाट होतो. तरीही हवा राहिली तर सुईने टोचून पुन्हा द्रावण.

जुनं दिसण्यासाठी किती मळवायचं?

वाटतं त्याच्या निम्मं. आणि मळ कुठे बसतो ते समजून घेऊन. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनाला खालच्या बाजूला टर्बो आहे, धूर तिथून बाहेर पडतो. म्हणून काजळी इंजिनाच्या खोळीखाली आणि पंखाच्या खालच्या अंगाला ओढलेली असते. पंखाच्या वर धुराचे काळे पट्टे ओढलेली मॉडेलं बक्षिसं मिळवतात, पण ती दुसऱ्या कुठल्या तरी विमानाची असतात. पंखाच्या वर तेलाचे हलके ओघळ आणि माणसं चालतात तिथे धूळ एवढं पुरे.

पंख्याच्या पात्यांची टोकं पिवळी. खऱ्या विमानात ती पट्टी चार इंचांची, १/७२ मध्ये जेमतेम दीड मिलिमीटर. किटमधल्या चित्रात ती दुप्पट जाड दाखवलेली असते. आधी टोक पिवळं करा, मग टेप लावून उरलेलं काळं.

घरात थिनरचा वास आणि त्यावरून भांडण. उपाय?

भांडणावर नाही. वासावर आहे: बाहेर हवा फेकणारा पंखा, उघडी खिडकी आणि कार्ट्रिजचा मास्क. कापडी किंवा कोविडवाला मास्क वाफ अडवत नाही. स्वयंपाकघराच्या गॅलरीत, देवघरात दिवा लागलेला असताना लॅकर फवारू नका.

एकूण किती दिवस लागतात?

माझे चार महिने गेले. रोज रात्री जेवणानंतर तासभर आणि रविवारी थोडा जास्त. त्यातले तीन आठवडे नुसते एका फोटोच्या शोधात गेले. ते मी मोजत नाही, बायको मोजते.

तयार झाल्यावर ठेवायचं कुठे?

काचेच्या कपाटात, उन्हापासून लांब. उघड्यावर ठेवलंत तर पुण्याची धूळ महिन्याभरात सगळा पत्रा मॅट करते आणि पुसायला गेलात की एखादी अँटेना हातात येते. मऊ, सपाट मेकअप ब्रशने झटकायचं, फडक्याने नाही. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी घरी हजर राहा.

घर बदलताना माझं दुसरं लिबरेटर मी सामानाच्या ट्रकमध्ये न देता मांडीवर घेऊन रिक्षाने नेलं. विश्रांतवाडीच्या सिग्नलला रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "काका, हे आपल्या एअरपोर्टवरचं का?" मी म्हटलं, हो, फार जुनं आहे. त्याने पुढचे सगळे खड्डे चुकवले.